जच्या पायाशी ठिपका

शुक्रवारी सकाळी, सोहारमधल्या आमच्या स्वयंपाकघरात
तीन मुलं, एक पाटी
आणि एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्याखाली बादली.
अरीबा पांगारकर शाळेतली कार्डं घेऊन येते.
एस, ए, आय, डी. आणि वाचायचं ‘सेड’.
“यातला आय कुठे गेला, बाई?”
शाळेतल्या मिस म्हणाल्यात, हे शब्द ऐकत नाहीत,
यांना चेहऱ्यानं ओळखायचं,
गेटवरच्या नातूरला ओळखतो तसं.

मी जरा ताठ बसले.
म्हटलं, आपल्या मराठीत असली थेरं नाहीत.
बोलायचं तस्संच लिहायचं.

पहिल्याच ओळीत पकडले गेले.
अरीबानं चमचा वाचला
चहातला च घेऊन, दोन्ही वेळा, मन लावून,
आणि ओजस हसत हसत टेबलाखाली गेला.
मग सिंह.
“सिं. ह.”
बरोबर वाचलंस गं,
पण म्हणताना मध्ये एक व येतो.
कुठून?
माहीत नाही. येतो.
यज्ञेशला त्याच्या नावातला ज्ञ
अजून सांगितलेलाच नाही.
एका शुक्रवारी एवढं पुरे.

बेचाळीस वर्षं हे दोन ज
मी न बघता वापरत आले,
अंधारात दिव्याचं बटण सापडावं तशी.
आज पाटीवर लिहिलं: जग.
हे जग म्हणजे दुनिया, जीभ टाळूला.
आणि हेच जग म्हणजे शंभर वर्षं जग,
जीभ दातांमागे.
“आणि हा?”
ओजसनं पाण्याचा जग पुढे सरकवला.

अरीबा गप्प.
तिच्या संध्याकाळच्या अरबीच्या वर्गात
ठिपका खाली तर एक अक्षर, वर तर दुसरं,
ठिपकाच नाही तर तिसरंच.
तिथे कुणी कुणाला फसवत नाही, असं तिचं मत.
तिनं पेन्सिल उचलली, वहीत दोनदा जग लिहिलं,
आणि जिभेचं टोक बाहेर काढून
दुसऱ्याच्या पायाशी
मोहरीएवढा ठिपका दिला.
“आता हा जगायचा.”

असा ठिपका आपल्यात नसतो गं, म्हणणार होते.
खोडरबर हातातच होतं.
तोवर ती पुस्तकात शिरली:
जुना, ठिपका. काजू, ठिपका.
जेवण तसंच सोडलं.
जहाजापाशी थांबली.
अब्बांच्या क्रेनखाली रोज लागतं ते.
दोनदा पुटपुटली,
पहिला ज मोकळा ठेवला, शेवटच्याला ठिपका दिला,
माझ्याकडे न बघता.

पुढे कुणीतरी हे पुसायला लावेलच.
लावू दे.
बादली भरली होती, ती मोरीत ओतून आले,
तर ओजस काचेच्या जगवर
ठिपका काढत बसलेला,
पेन्सिल काही उमटत नव्हती.