मागचं डावं चाक

पुढच्या दोन्ही चकत्या सकाळीच निघाल्या.
रेइनोने एकेक घाव घातला
आणि शहाण्या पोरींसारख्या त्या हातात आल्या.
ही मागची मात्र
दातखीळ बसलेली.

मार्च सरत आला, हॅन्कॉकला अजून कमरेएवढा बर्फ.
हिवाळाभर इथे रस्त्यांवर मीठ ओततात.
ते कुठे जातं, गाडीखाली वाकल्यावर कळतं:
पोपडे, विटकरी भुगा,
चोखलेल्या गोळ्यांसारखी नटांची डोकी.
म्हातारा म्हणायचा, आपण तळ्यातले मासे खातो,
आणि मीठ आपल्याला.

कॅलिपर मी तारेने स्प्रिंगला टांगलाय,
नळीवर भार येऊ नये म्हणून.
हे त्यानेच शिकवलं, मी अकरा वर्षांची असताना.
रेइनोला त्याने होडी शिकवली,
आणि मागे ठेवतानाही त्याला होडीच ठेवली,
मला ही गाडी.
तेव्हापासून आम्ही दोघं
पान्यांच्या आकड्यांपलीकडे बोललेलो नाही.
"सतरा."
"घे."
"चौदा म्हटलं होतं. हा बारा आहे."

तेल मारलं. थांबलो. पुन्हा तेल.
दोन खुंट्यांच्या मध्ये घाव घालायचा,
चकती जराशी फिरवायची, पुन्हा घाव.
पण ती फिरतही नव्हती,
आणि खरं तर तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.
समोरच्या मिसेस ओडगर्सने खिडकीतून पाहिलं
आणि पडदा ओढून घेतला.
रेइनोने घण आणला.
"फुटेल," मी म्हणाले.
"फुटू दे. नवी आणलीच आहेस ना."
आणली होती. तरी मला ती फुटायला नको होती.

मग तो दार उघडून आत वाकला, सिगारेट शोधायला,
आणि तसाच राहिला.
बऱ्याच वेळाने म्हणाला, "ताइमी,
हँडब्रेक ओढलेला आहे."

सपाट गॅरेज. गोटी ठेवली तर घरंगळायची नाही.
तरी तो ओढायचा, दर वेळी,
सात टिचक्या, शेवटची जरा जोर लावून,
जणू गाडीला बजावतोय: आता इथेच.
नोव्हेंबरात दूध घेऊन आला, गाडी लावली.
दूध आम्ही नंतर ओतून दिलं.
ब्रेक कुणी सोडला नाही.
चार महिने चकतीच्या पोटात
दोन पट्ट्या बाहेर रेटून उभ्या,
आणि आम्ही बाहेरून ठोकत होतो.

"सोडू?"
मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.
सातही टिचक्या एकाच आवाजात गेल्या.

तरी ती ढिम्म.
केबल आतून गंजलेली; दांडा खाली आला, पट्ट्या नाही आल्या.
मग रबरी बूच काढून भोकातून स्क्रूड्रायव्हर घातला,
रेइनोने टॉर्च धरला,
आणि आतलं दातेरी चाक
एकेक दात मागे घ्यायला लागले.
"उलटं फिरवतेयस," तो म्हणाला.
याला कसं ठाऊक?
"तो तुला शिकवायचा तेव्हा
मी सौनाच्या लाकडांवर बसलेलो असायचो."

चकतीला दोन रिकामी आटेदार भोकं असतात.
कारखान्यात कुणीतरी मुद्दाम ठेवलेली,
ही कधीतरी अडकणारच, हे धरून.
त्यांत दोन बोल्ट.
पाव फेरा त्याने, पाव फेरा मी.
तो.
मी.
धडाम्.

माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडली.
हबवरचं गंजाचं कडं तारेच्या ब्रशने घासलं,
कडेने तांब्याचं ग्रीस, अगदी पातळ,
पुढे जो कुणी उघडेल त्याच्यासाठी.
रेइनो जुनी चकती उचलून वजन पाहत होता.
"ही ठेवू? होडीला नांगर होईल."
"तुझ्या होडीला?"
"होडीला," तो म्हणाला,
आणि जॅक घेऊन उजवीकडे गेला.