आठ सेकंद

कोजागिरी होऊन चार दिवस झालेत.
चंद्र साडेआठला उगवेल,
त्याच्या आत जे काय ते.

केजपासून बावीस किलोमीटर,
मोटरसायकलच्या टाकीवर आडवा ट्रायपॉड,
पाठीवर लग्नांचा कॅमेरा.
तुळशीचं लग्न लागेस्तोवर
तो तसाही रिकामा.

पाझर तलावाच्या भिंतीवर तीन पाय रोवले,
मधल्या हुकाला वीट बांधली.
शुक्रावर फोकस धरला
आणि रिंगेवर चिकटपट्टी मारली, ढळू नये म्हणून.
आठ सेकंदांच्या वर शटर उघडं ठेवलं
की ताऱ्यांच्या रेघा होतात.
एवढीच उसंत देते पृथ्वी,
मग सरकते पायाखालून.

खालच्या शिवारात सोयाबीनचं मळणीयंत्र,
वस्तीवर हॅलोजन,
पंपाच्या खांबावर आणखी एक.
पडद्यावर नुसता पिवळा धुरळा.
निसारला फोन लावला, सबस्टेशनला:
दहा मिनिटं देतोस का रे अंधार?
"नियमात बसत नाही,"
म्हणाला, आणि ठेवून दिला.

सात बावीसला अख्खा फीडर गेला.

मोटारी थांबल्या. कुत्री भुंकायची थांबली,
का ते कुत्र्यांना ठाऊक.
मी रिमोट दाबत राहिलो,
आठ सेकंद, आठ सेकंद,
मध्ये श्वास घ्यायचा.

मळणीवरची इंदरबाई पाणी प्यायला वर आली,
केसांत, भुवयांत भुसा.
"काय काढायलाव?"
बोटानं दाखवलं. तिला दिसेना.
थेट बघू नका, जरा बाजूला बघा, म्हणालो.
तिनं बाजूला बघितलं.
"ते व्हय. पाटीवरलं पुसल्यावानी."
मग बराच वेळ काही नाही.
"शेंडेनक्षत्र म्हणतेत त्येला. निघालं की राजा जातो म्हणं."
खालून ट्रॅक्टरवाला ओरडला, कुठं गेलीस गं?
"आता ह्यो जातो का बघावं," म्हणाली
आणि तांब्या घेऊन उतरली.

रात्री साठ फ्रेमा एकावर एक रचल्या,
धूमकेतूचं डोकं डोक्यावर बसवून.
शेपूट निघालं, वीतभर, उजवीकडं झुकलेलं,
डोळ्यांनी मला जे दिसलं नव्हतं ते.
तारे मात्र फराटले सगळे.
एकाला स्थिर धरलं की बाकीचे हलतात,
त्याला इलाज नाही.
त्रेचाळिसाव्या फ्रेमेत खालच्या कोपऱ्यात
तांब्याची कड चमकलीय.
ती फ्रेम गाळायला हवी होती.

सकाळी निसार दुकानात आला.
"जंपर तुटला होता," आल्या आल्या म्हणाला.
मी काही विचारलंच नव्हतं.
एक प्रिंट दे म्हणाला, पोस्टकार्ड साईज.
नंतर एकदा बिलाच्या कामानं गेलो
तर टेबलावर रजिस्टर उघडं होतं.
बंद १९:२२. सुरू १९:३३.
कारणाचा रकाना
कोराच ठेवला होता त्यानं.