आठव्या रांगेतून

आमचा सेंटर सहा फूट पाच.
पत्रकात सहा-सात छापलंय,
पण मी त्याला किराणा दुकानात पाहिलाय,
दुधाच्या फ्रीजपाशी, सपाता घालून.
सहा पाच. तेही केस धरून.

मी कुणी तज्ज्ञ नव्हे.
एकतीस वर्षं नेब्रास्कातल्या या काउंटीत
बर्फाचा नांगर चालवतोय.
सामन्याच्या दिवशी पहाटे तीनला उठून रस्ते मोकळे करतो,
म्हणून पाहुण्यांची बस वेळेवर पोचते
आणि आम्हाला वेळेवर हरवते.

समोरच्यांनी झोन लावला की आमची पोरं
चेंडू घेऊन बाहेरबाहेरूनच फिरतात,
दार उघडेना म्हणून
पायरीवर घुटमळणाऱ्या नातेवाइकांसारखी.
घड्याळ तीस, अठरा, अकरा,
चार.
मग लिंडक्विस्ट तोल सावरत
भिरकावतो काहीतरी.

फ्री थ्रोचं नाव काढू नका.
पंधरा फूट. मध्ये कुणी नाही. हात धरायला कुणी नाही.
माझी आई चष्मा न लावता
खिडकीतून कोंबड्यांना दाणे टाकायची,
ते बरे पडायचे.

ब्रनर सर रेडिओवर म्हणतात, पोरांनी जीव तोडला.
तोडला. दिसतो तो आठव्या रांगेतून,
गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकताना दिसतो.
तेच तर सोसत नाही.
आळशी असती तर चार शिव्या देऊन
घरी गेलो असतो मी, केव्हाच.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.
कळतं.
तरी दर शनिवारी ते पोहरा सोडतात
आणि मी काठाशी वाकून
कान देऊन बसतो.

काल दोननं मागे होतो, नऊ सेकंद उरलेली.
ओक्सवर दोघं धावून आले. आमच्यात हात असलेला तो एकटाच.
त्यानं मोकळ्या लिंडक्विस्टला पास दिला.
बरोबर पास. अगदी शिकवल्यासारखा.
चेंडू रिंगवर बसला, विचारात पडला,
आणि बाहेर उतरला.

"त्याला कशाला दिलास!" मी ओरडलो.
सगळं सभागृह गप्प होतं, तेव्हाच नेमका.

पुढच्या रांगेतली बाई वळली.
मांडीवर कोट, कोटावर पॉपकॉर्नचा रिकामा पुडा.
"मी त्याची आई," ती म्हणाली,
"जेवढा वाढवता आला तेवढा वाढवलाय."

मला काही सुचलं नाही.
स्कॉट्सब्लफहून आलात का, रस्ता कसा होता,
असलंच काहीतरी विचारलं.
"चांगला होता," म्हणाली. "कुणीतरी साफ केला होता."

बुधवारी सामना बाहेरगावी आहे.
वीसनं हरू. बावीसनंही.
लिंडक्विस्ट तोवर वाढणार नाही,
मी माझं तोंड आवरणार नाही.
पहाटे त्यांच्या बसपुढे नांगर माझाच असेल,
काउंटीच्या हद्दीपर्यंत.

तिथून पुढे माझं काम नाही.