तो आकाश बघत नव्हता

रविवारी चार वाजता, ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत,
मी तळाशीलच्या सतरा पोरांना शिकवते
रबरी बाहुलीची छाती दाबायला.
बाहुलीचं नाव त्यांनीच ठेवलंय : पावणो.
बुडतो तो बाहेरचाच, असं त्यांना वाटतं.

लगेच काही बोलत नाही मी.
आधी समुद्र दाखवते.
ती बघा, फुटणाऱ्या लाटांच्या मधली गुळगुळीत पट्टी,
जिथे फेस नाही.
नवखा तिथेच उतरतो, शांत आहे म्हणून.
तिथूनच पाणी माघारी जातं, माणसासकट.
ओढीशी भांडायचं नाही. किनाऱ्याच्या कडेकडेने पोहायचं,
ती सोडेपर्यंत.

मग आबू तांडेल विडी वाळूत खुपसतो :
"बुडणारो बोंब मारणा नाय, पोरांनू.
तोंड एकच. ता वारो घेयत काय हाक मारीत?"

हात हलवून बोलवत नाही तो.
हात पाण्यावर दाबले जातात दोन्ही बाजूंना,
न दिसणारी शिडी चढावी तसे.
मान मागे. केस डोळ्यांवर आलेले, ते सारत नाही.
तोंड पाण्याशी. वर, खाली, वर.
मिनिटभर.
कधी तेवढंही नाही.

मी सुंगटं निवडत होते. वय अकरा.
गुणाजी छातीभर पाण्यापलीकडे, मान मागे टाकून.
मी म्हटलं, आये, बघ, दादा आकाश बघतोय.
आई हसलीसुद्धा.

बाहेर काढल्यावर त्याला घागरीवर पालथा घातला.
सगळे जाणते होते, सगळे रडत होते,
आणि पाणी निघालंही थोडं.
श्वास कुणी दिला नाही.

म्हणून सांगते, पोट दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही.
तोंडाला फेस येईल, पुसत बसू नका.
हनुवटी वर, नाक चिमटीत, आधी पाच श्वास, मग छाती.
उठून बसला, हसला, भजी मागितली,
तरी मालवणला न्यायचा, डॉक्टरांच्या नजरेखाली.
आणि उडी मारायची नाही कुणी.
आधी रिकामा कॅन फेका. रापणीचा दोर फेका.

हर्षाली विचारते, "बाई, पण लांबून कळणार कसं,
खेळतोय का बुडतोय?"

हाक मारायची.
बरा आहेस ना, विचारायचं.
उत्तर आलं तर खेळतोय.

मी नव्हती मारली.

चल, आता कोण?
पावण्याचं डोकं नीट धर.