पांढरी पार्श्वभूमी

रामबागेतल्या माझ्या स्टुडिओत
एकच पडदा आहे, पांढरा.
त्याच्यापुढे स्टूल, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी.
एकतीस वर्षं त्या स्टुलावर मी माणसं बसवली.
हनुवटी जरा खाली. खांदे सैल.
हसू नका, सरकारला चालत नाही.
माझं स्वतःचं हसूही
त्याच मापाचं होत गेलं,
साडेतीन बाय साडेचार.

भाद्रपदातल्या एका मंगळवारी
दुकानाचं शटर ओढलं
आणि महूच्या पुढे, चोरलच्या अलीकडे,
डांबर संपतं तिथे स्कूटर सोडली
चहावाल्याच्या भरवशावर.
पाठीवर बाबांचा ट्रायपॉड, पोलादी,
त्यांच्यासारखाच
एका गुडघ्यात कुरकुरणारा.

पुढे थावरी. शनिवारी जन्मली म्हणून थावरी.
तिच्या पायांत निळ्या प्लास्टिकच्या चपला,
माझ्या पायांत दुकानदाराने
शपथेवर दिलेले बूट.
घसरले मीच.
सागाच्या पानांची किड्यांनी जाळी केलेली,
शिरा तेवढ्या शिल्लक.
"धबधब्याचं नाव काय गं?"
"नाव कशाला? इथे दुसरा कुठे आहे?"

आधी आवाज नाही आला.
आधी गारवा आला,
कुणी फ्रिज उघडा विसरल्यासारखा.
मग वळण, मग तो.
फार उंच नव्हे. लिंबोदीच्या पाण्याच्या टाकीएवढा असेल.
काळ्या कातळाच्या खाचेतून पडत होता,
आमच्याकडे न बघता.

एका सेकंदाचा हजारावा भाग:
पाण्याच्या जागी काचेचा चुरा.
लेन्सवर काळी काच चढवून अर्धा सेकंद:
पिंजलेला कापूस.
दोन्ही सुंदर. दोन्हींत तो नाही.
तुषार पुसावे ओढणीने, तर ओढणीच ओली.
मी एकतीस वर्षं न हलणाऱ्यांचे फोटो काढलेत,
ह्याला 'हलू नका' कसं सांगायचं?

थावरी खडकावर भुट्टा खात बसलेली.
चाळिसाव्या क्लिकनंतर म्हणाली,
"सगळे त्याचेच?
एक माझा काढ. अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघालीय,
फॉर्मला लावायचा.
साहेब म्हणाला, मागे पांढरं पाहिजे."

मी म्हणणार होते, ये की इंदूरला, स्टुडिओत.
जायचं-यायचं बसभाडं, एका दिवसाची मजुरी,
हे सगळं माझ्या तोंडात आलं
आणि तिच्या मागे बघून
तिथेच थांबलं.

"ऊठ. तिथे उभी राहा, पाण्याला पाठ करून.
अर्धा सेकंद अजिबात हलायचं नाही."
"अर्धा सेकंद म्हणजे किती?"
"साप दिसल्यावर
उचललेला पाय उचललेलाच राहतो ना, तेवढा."
तिला कळलं.
भुट्टा मागे लपवला. कपाळावरचे केस सारखे केले.
हनुवटी जरा खाली. खांदे सैल.
"हसू?" तिने ओठ न हलवता विचारलं.

एकतीस वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मी उत्तर दिलं नाही, बटण दाबलं.

रात्री आठ प्रती काढल्या.
मागे पांढरंशुभ्र,
पडद्याला एवढं पांढरं कधी जमलं नाही.
खडकासारखी स्थिर ती,
फक्त ओठांच्या डाव्या कोपऱ्यात
काहीतरी किंचित हललेलं.
साहेबाला चालेल की नाही, कोण जाणे.
मापात कापताना तिच्या कानांशेजारून
पट्ट्या निघाल्या, बोटाएवढ्या रुंद.
टाकवल्या नाहीत.
काउंटरच्या काचेखाली सरकवल्या.

गिऱ्हाईक विचारतं, हे काय ठेवलंय?
मी म्हणते, कोरा कागद.
बसा. जरा सरळ.
तो वाकून पुन्हा बघतो,
आणि काचेला हात लावून म्हणतो,
गार लागतेय हो ही.