सातवी विहीर

आटपाट नगर होतं,
असंच सुरू करते मी, दर गुरुवारी, इंग्रजीत,
आणि त्या चौघांना वाटतं ही माझीच लकब.
मोरकॅम. बंद पडलेल्या बेकरीवरची खोली,
गॅसचा हीटर, चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास,
खिडकीबाहेर ओहोटी, इतकी लांब गेलेली
की समुद्र ही अफवा वाटावी.

दीड वर्ष सगळं सरळ चाललं.
माल्कमचा बुटका कुऱ्हाड परजायचा.
ब्रोनाची जोगीण जखमा बांधायची
(मग ब्रोना रात्रपाळीला, वृद्धाश्रमात, खऱ्या बांधायला).
तोमाशच्या चोराने तीन राजांचे खिसे कापले.
ड्रॅगन मेला. दोनशे बारा प्राण होते त्याचे.
फासा टाकण्याआधी माल्कम विचारणारच,
"किती शिल्लक?"
मी सांगायचे.
आकडा असला की मरण असतं,
आकडा असला की शेवटच्या बसने घरी जाता येतं.

मग मला कंटाळा आला.
कंटाळाच असावा.
नोव्हेंबरात मी नकाशावर एक विहीर वाढवली.
गावात विहिरी सहा. कुणालाही विचारा, सहा.
मोजायला गेलं की सात.

एवढंच. बाहेर काही आलं नाही तिच्यातून,
शेपूट, डोळा, हाक, काही काही नाही.
पुढच्या गुरुवारी सराईवाली
थोरल्याला जेवायला बोलवायची विसरली.
त्याच्या पुढच्या गुरुवारी
तिला थोरला मुलगा कधी नव्हताच.
तोमाशने जुनी वही चाळली. त्याच्याच अक्षरात:
येल्लिन, वय नऊ, मला सफरचंद दिलं.
त्याने ते दोनदा मोठ्याने वाचलं.

हे मी कुठे शिकले, त्यांना ठाऊक नाही.
लँकेस्टरच्या इस्पितळात दिवसभर मी सावल्या बघते.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
काचेअलीकडे मला दिसलेलं असतं,
पलीकडे माणूस शर्टाची बटणं लावत विचारतो,
ठीक आहे ना सगळं?
डॉक्टर सांगतील, म्हणते मी.
त्या डागाचं माणसाशी वैर नसतं,
माणूस आहे हेच त्याच्या गावी नसतं.
तेच ओतलं विहिरीत. बादलीभर.

काल रात्री ते खाली उतरले.
दोर संपला, विहीर संपली नाही.
मशाल जळत होती, तिचा उजेड मात्र
कशावरच पडेना.
मी सांगितलं, तुमच्या पायांखाली तारे आहेत,
आणि ते तुमच्या ओळखीचे नाहीत.
सांगितलं, तिथं काहीतरी कूस बदलतंय,
तुमच्यामुळे नाही.

माल्कमच्या मुठीत वीस पैलूंचा फासा.
"किती शिल्लक?"

मंगळवारी तो माझ्याच यंत्रात निजला होता.
आत सरकताना म्हणाला, आज तू टाक फासा, बाई.
मी सुई टोचली, बघून न बघितल्यासारखं केलं,
आणि तेच ते वाक्य.

हीटर शिट्टी वाजवत राहिला.
"आकडा नाही," म्हटलं.
त्याने माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ.
मग फासा खिशात टाकला, न फेकताच,
नि म्हणाला, बरं. माझा बुटका खाली बसतो.
डबा उघडतो. भाकरी आहे त्यात.

असल्या गोष्टीसाठी माझ्याकडे नियम नव्हता.
ब्रोनाची जोगीण त्याच्या शेजारी टेकली,
आणि अंधारात तोंड करून म्हणाली,
येल्लिन, वय नऊ.
पुन्हा म्हणाली.
मी काहीच उत्तर दिलं नाही.
साठा उत्तरांची कहाणी
पाचा उत्तरी संपवता येते, सुफळ संपूर्ण म्हणून;
माझ्या ओठांवर आलंही होतं ते, मराठीत.

दहाला आवरलं. माल्कमने मफलर गुंडाळला,
पुढच्या गुरुवारी पुढे मी उतरणार, म्हणाला.
भरती चढत होती, आवाज न करता, वाळूच्या घळींतून.
मी सिंकपाशी पाच कप विसळले.
तोमाश पुसत होता. पाचवा त्याने उजेडात धरला,
हा कुणाचा?
कुणाचा असेल.
आम्ही तर चौघंच, पहिल्यापासून.