बारदान वजा न करता

निपाणीत तंबाखूच्या वखारीत काटा मीच चालवतो,
म्हणून माझं वजन कोणी विचारत नाही.
काल शेवटचं बोद उतरल्यावर स्वतः चढलो:
एकशे आठ.

हिडकलच्या काठावर अडिवेप्पा म्हणाला,
ती नव्वद लिटरची फळी दिसायला गोजिरी,
पण तुला घेऊन बुडणार की रे.
वजनात चाळीस मिळव. दीडशेची घे, रुंद.
पोरं हसली तर हसू देत.
वारा धरायला सहाचा पंख,
आणि पाण्याखालचं फॉइल मोठं,
सावकाश उचलणारं.

दीडशे लिटर काय, मी विचारलं.
हवा, म्हणाला.
हवेचं माप मी कधी घातलं नव्हतं.

जुनी मिळाली, बेळगावच्या एका डॉक्टरच्या मुलाची,
टोकाला बुजवलेली चीर.
टेम्पोत बोदांवर बांधून आणली,
अजून तिला जर्द्याचा वास येतो.

रविवारी घटप्रभेच्या पाण्यात
गुडघ्यांवर बसलो, पंख डोक्यावर फडफडत,
काठावरून अडिवेप्पा: निधान! निधान!
उभा राहिलो नाही.
तीनदा पडलो, चौथ्यांदा पंखच उलटा धरला.

पण फळीची कड
पाण्याच्या चार बोटं वर होती.
मी मोजली.